प्रतिध्वनींचे दप्तर

मोबाइल फोन शहरात नेमका कोठून बोलतो आहे, याचा ठावठिकाणा अनेक अँटेनांच्या पंक्तीने लावण्याची विद्या आज नागरी वस्तीत नांदत असली, तरी तिचा जन्म समुद्राच्या काठचा आहे, आणि तोही अशा काळातला की जेव्हा बिनतारी यंत्र ही बहुतांशी जहाजांची आणि आरमारी कचेऱ्यांची मिरास होती. 1907 मध्ये बेलिनी आणि टोसी या इटालियन जोडीने काटकोनात टांगलेल्या दोन स्थिर वेटोळ्यांवरून लहरींची दिशा काढण्याची तजवीज केली. आणि 1916 च्या मे महिन्याच्या अखेरीस कॅप्टन राउंड यांच्या किनाऱ्यावरील ठाण्यांनी एका जर्मन जहाजाच्या दिशेत अवघ्या दीड अंशाचा पालट टिपला, तेवढ्यावरून शत्रूचे आरमार हलले हे लंडनने ताडले आणि त्याचे पर्यवसान जटलंडच्या लढाईत झाले.

रात्री आकाशातून परावर्तित होणाऱ्या लहरी मात्र या वेटोळ्यांना सर्रास चकवीत. त्यावर ॲडकॉक यांनी 1919 मध्ये उभ्या अँटेनांच्या जोड्यांचा उपाय सुचविला, आणि पंक्तीचे बीज येथे पडले. तत्त्व साधे आहे. 900 मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे 33 सेंटिमीटर. तिच्या निम्म्या अंतरावर दोन अँटेना उभ्या केल्या, तर समोरून येणारी लहर दोहोंवर एकाच क्षणी पोचते आणि बाजूची लहर एकीवर अंमळ आधी, व त्या अंमळपणावरून कोन निघतो. एका अंशाची चूक किलोमीटरभर अंतरावर साडेसतरा मीटरांची होते, इतका हा हिशेब कडक.

शहरात खरा घोटाळा निराळाच होतो. फोन गल्लीत असतो, लहर समोरच्या इमारतीवर आपटून येते, आणि अँटेना इमानेइतबारे त्या भिंतीची दिशा रुजू करते. अनेक लहरी एकदम आल्या तरी त्यांचे कोन वेगळे काढण्याची गणिती रीत श्मिट यांनी 1979 मध्ये मांडली होती. परंतु प्रतिध्वनी या एकाच लहरीच्या नकला असल्याने ती रीतही तेथे थबके. या कोड्याची उकल करणाऱ्यांत टॉमस कैलाथ हे प्रमुख होते. पुण्यात जन्मलेले आणि तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1956 मध्ये पदवी घेऊन अमेरिकेस गेलेले हे गृहस्थ पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले, हे आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असावे. शान आणि माटी वॅक्स यांच्यासह त्यांनी 1985 मध्ये पंक्तीचे एकावर एक सरकणारे तुकडे पाडून, त्यांच्या नोंदींची सरासरी घेऊन नकला निरनिराळ्या करण्याचा मार्ग दाखविला.

पुढे 1996 मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने हुकूम काढला की, 911 या संकटकालीन क्रमांकावर मोबाइलवरून बोलणाऱ्याचे ठिकाण कंपन्यांनी 2001 पर्यंत सांगू लागावे. 1999 च्या दुरुस्तीने जाळ्यावर आधारलेल्या पद्धतींस शेकडा 67 हाकांसाठी 100 मीटरांची हद्द ठरली. त्याच सुमारास वॅक्स आणि हिल्सेनराथ यांनी यु. एस. वायरलेस या कंपनीसाठी जी ‘रेडिओ कॅमेरा’ पद्धती रचली, ती मला या साऱ्या कुळातील सर्वांत धीट कल्पना वाटते. पूर्वसूरींनी ज्या प्रतिध्वनींना हुसकावण्यात आयुष्ये वेचली, त्यांनाच तिने साक्षीस बोलाविले: प्रत्येक नाक्यावरून येणाऱ्या थेट आणि आपटलेल्या लहरींचा एकत्रित आकार, अंगठ्याच्या ठशासारखा त्या जागेपुरताच असतो, असे धरून गाडी रस्तोरस्ती फिरवायची, ते ठसे दप्तरी नोंदवून ठेवायचे, आणि कोणी बोलू लागले की त्याची लहर दप्तराशी ताडून पाहायची. एकच मनोरा पुरे. पण नवी इमारत उठली की त्या परिसराची नोंद शिळी होई, आणि दप्तर नित्य ताजे ठेवणे हा खर्चाचा मामला. कंपनी 2001 मध्येच दिवाळखोरीत गेली.

अमेरिकेतील त्या हुकुमाची तामिली बव्हंशी उपग्रहांनी आणि लहरींच्या आगमनकाळातील फरकाच्या हिशेबाने केली, कारण केवळ दिशेसाठी मनोऱ्यावर पंक्ती चढविणे कोणास परवडेना. आता 5जीच्या मनोऱ्यांवर 64 अँटेनांचे फलक संदेशांची गर्दी वाहण्याकरिता चढले आहेत, आणि 2020 मध्ये पक्क्या झालेल्या प्रमाणसंहितेने, लहर कोणत्या कोनातून आली हे मोजून फोनची जागा काढण्याची तरतूद त्यांच्याच पदरी टाकली आहे.