पांबनच्या पुलाचे पाय



रामेश्वरची गाडी पांबनच्या पुलावर आली की डब्यातली माणसं समुद्र बघायला खिडकीशी धावतात. मी फौजेतला इंजिनिअर. माझी नजर खांब पाण्यात शिरतात तिथे जाते.

इथला जुना पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झाला. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं. धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर शंभराहून अधिक माणसांसह समुद्राने गिळली, पुलाचे १२६ गर्डर वाहून गेले. ई. श्रीधरन यांनी ४६ दिवसांत पूल पुन्हा सुरू केला. कौतुक त्यांचं आहेच. पण समुद्रातून वर काढलेले गर्डर ठेवले कशावर? बहुतेक खांब जागेवर उभे होते म्हणून! पायाच गेला असता तर ४६ महिनेही पुरले नसते.

शेजारचा नवा पूल ६ एप्रिल २०२५ पासून चालू आहे. सगळे फोटो काढतात ते सरळ वर उचलल्या जाणाऱ्या ७२.५ मीटरच्या गाळ्याचे. त्या पुलाखालचे ३३३ पाइल कुणाला दिसत नाहीत.

समुद्रात पाइल करताना आधी पोलादी लायनर तळात उतरवतात. त्यातून रिगने टणक थरापर्यंत भोक पाडायचं, सळयांचा पिंजरा सोडायचा. आता भोकात पाणी, आणि त्यातच काँक्रीट ओतायचं! वरून टाकलं तर सिमेंट धुऊन जाईल. म्हणून ट्रेमी नावाचा पाइप तळापर्यंत नेतात. काँक्रीट खालून चढतं आणि पाण्याला वर ढकलतं. पाइपचं तोंड ओल्या काँक्रीटमध्ये सतत बुडलेलं हवं. एकदा बाहेर आलं की पाइलच्या पोटात चिखल शिरलाच म्हणून समजा.

निवृत्तीनंतर एका खाडीपुलावर मी सल्लागार होतो. ठिकाण सांगत नाही. मध्यरात्री काँक्रीट यायचं थांबलं, आणि पाइप अडकेल या भीतीने कुणीतरी तो वर ओढला. सकाळी पाइल वरून झकास दिसत होता. नोंदवहीतले आकडेही सुरेख, काम बंद होतं त्या तासाचेसुद्धा! मी सही केली नाही. आठवडाभर भांडण चाललं. शेवटी यंत्राने पाइलचा गाभा काढला, तर नऊ मीटरवर हाताने चुरडेल असा माल निघाला. तो पाइल सोडून शेजारी दोन नवे करावे लागले.

वही भरणारा पोरगा बावीस वर्षांचा होता. मी त्याच्यावर ओरडलो. त्याला तसं लिहायला सांगणारा मात्र नामानिराळा राहिला.