थरथर आणि तोल

माजघरांतील झोपाळा आपणांपैकीं बहुतेकांच्या परिचयाचा आहे. त्यावर बसलेल्या आजोबांना झोका देण्यास पांच वर्षांच्या नातीलाही फारसें बळ लागत नाहीं. मात्र झोपाळा मागें येऊन परत फिरूं लागला, कीं नेमक्या त्याच क्षणीं तिनें हात लावला पाहिजे. वेळ साधली तर लहान लहान धक्के एकमेकांत मिळून मोठा झोका होतो. वेळ चुकली तर धट्ट्याकट्ट्या माणसाचें बळही वायां जातें. शास्त्रज्ञ यालाच अनुनाद म्हणतात. ज्या थरथरीला इंजिनियर शत्रू समजत, तिलाच त्यांनीं पुढें कामाला कसें जुंपलें, याची हकीकत आज मी सांगणार आहें.

या शक्तीची पहिली ओळख भयाचीच झाली. इंग्लंडांत मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथील झुलत्या पुलावरून १८३१ सालीं शिपायांची एक तुकडी पावलांत पाऊल मिळवून चालली होती. पूल त्या तालावर डोलूं लागला आणि एका टोंकाशीं कोसळला. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. १८५० सालीं फ्रान्समधील अँजे शहरांत मात्र अशाच अपघातांत दोनशेंहून अधिक शिपाई प्राणांस मुकले. त्या दिवशीं वारा सोसाट्याचा होता आणि पुलाच्या तारा गंजल्या होत्या, हें खरें. पण ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. तालांत चालूं नये असा त्या शिपायांना हुकूम होता. तरीही हेलकावणाऱ्या पुलावर तोल सांवरतां सांवरतां त्यांचीं पावलें नकळत एका तालांत पडूं लागलीं असावींत. या गोष्टीकडे आपण पुन्हां वळणार आहों.

पुढें कारखान्यांतही हाच अनुभव आला. जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्ट यांनीं १९०२ सालीं एका लवचिक मेजावर विजेची मोटर बसविली. तिच्या चाकाचें वजन एका बाजूस अधिक होतें. वीज वाढवीत नेली तशी चाकाची गति वाढली. परंतु मेजाच्या स्वाभाविक कंपनसंख्येशीं येतांच ती अडली. वाढविलेली वीज चाक फिरविण्यांत न जातां मेज हलविण्यांतच खर्च होऊं लागली. कारखानदारानें कोळशाचे पैसे भरावे आणि त्या मोबदल्यांत इमारतीचा पाया तेवढा हादरावा, असा हा व्यवहार होता.

याच सुमारास इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर हे मोटारगाडीच्या इंजिनाची थरथर घालविण्याच्या खटपटींत होते. चार सिलिंडरांच्या इंजिनांत दट्ट्यांच्या वरखालीमुळें इंजिनाच्या दुप्पट गतीचा एक हादरा शिल्लक राहतो. त्यावर त्यांनीं काढलेला उपाय मोठा चतुर होता. एका बाजूस जड असलेले दोन दांडे घेऊन ते परस्परांच्या उलट दिशांना, इंजिनाच्या दुप्पट गतीनें फिरवावयाचे. दोहोंचीं वजनें एकदम वर येतात व एकदम खालीं जातात. परंतु एक डावीकडे ओढूं लागला कीं दुसरा तितक्याच बळानें उजवीकडे ओढतो. आडवें बळ असें परस्पर नाहींसें होतें, आणि उरलेलें उभें बळ इंजिनाच्या हादऱ्याविरुद्ध लावतां येतें.

आतां गंमत पाहा. हीच जोडी विरोधासाठीं न लावतां मोकळी सोडली, तर थरथर मारणारें साधन थरथर निर्माण करणारें होतें! एकच जड चाक फिरविलें तर तें चहूं बाजूंना ओढतें, आणि यंत्राचे सांधे व बैठक खिळखिळीं करून टाकतें. दांतेचक्रांनीं जोडलेली, उलटसुलट फिरणारी जोडी मात्र केवळ वर आणि खालीं ढकलते. हें बळ किती असतें? दहा किलोंचें वजन मध्यापासून दहा सेंटिमीटरांवर ठेवून मिनिटास १५०० फेरे दिले, तर तें सुमारें अडीच टनांच्या बळानें बाहेर ओढतें. म्हणजे जोडीचें पांच टन झाले. गति दुप्पट केली कीं हें बळ चौपट होतें.

सोव्हिएत रशियांत बारकान नांवाच्या शास्त्रज्ञानें या जोडीला पाया घालण्याच्या कामीं लावलें. १९४९ च्या सुमारास व्होल्गा नदीवरील गोर्की जलविद्युत् केंद्राच्या बांधकामांत पोलादी पत्रे घणानें न ठोकतां थरथरवून जमिनींत उतरविण्यांत आले. थरथरीमुळें भोंवतालच्या ओल्या वाळूची पकड सुटते, आणि पत्रा स्वतःच्या व यंत्राच्या भारानेंच खालीं जातो.

त्यापुढचें पाऊल १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अल्बर्ट बोडाइन यांनीं टाकलें. पोलादांत ध्वनि सेकंदास सुमारें पांच हजार मीटर जातो. पंचवीस मीटरांच्या खांबांतून तो खालीं जाऊन परत येण्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. तेव्हां सेकंदास शंभर धक्के दिले, तर प्रत्येक नवा धक्का परतलेल्या लाटेशीं बरोबर मिळतो, आणि खांबच झोपाळा होतो. परंतु जमीन बदलली कीं हा मेळ ढळतो, आणि झोमरफेल्टांच्या मेजासारखी गत होण्याचा धोका असतो. म्हणून मोटरीची गति सतत जुळवीत राहणें, हें अशा यंत्राच्या रचनेंतील खरें कसब होय.

आतां त्या शिपायांकडे वळूं. १६६५ सालीं आजारी असलेल्या हॉयगेन्स यांनीं अंथरुणावरून पाहिलें, कीं एकाच आधाराला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप परस्परांच्या उलट, पण एका तालांत हलूं लागतात. तोच नियम लेनिनग्राडांतील इल्या ब्लेखमान यांनीं १९५३ सालीं गणितानें चाळणीच्या यंत्रांना लागू केला. एकाच चाळणीवर दोन असंतुलित मोटरी बसविल्या, तर योग्य रचनेंत त्या दांतेचक्रांवांचूनही आपोआप जुळतात. इतकेंच काय, जुळल्यावर एकीची वीज बंद केली तरी कित्येकदां ती दुसरीच्या थरथरीनेंच फिरत राहते!

अँजेच्या पुलावर ज्या ओढीनें माणसांचीं पावलें जुळलीं असावींत, तिच्याच जातीची ही ओढ आहे. एके ठिकाणीं तिनें जीव घेतले, दुसरीकडे ती खनिज चाळते आहे. निसर्गाचा नियम तोच राहिला. पण बळ कोणत्या दिशेनें जावें, कोणत्या क्षणीं लागावें आणि कोठें परस्पर विरून जावें, हें ठरविण्याची जबाबदारी माणसानें स्वतःकडे घेतली. आजोबांचा झोपाळा हलविणाऱ्या त्या मुलीला यांतील अर्धी विद्या, म्हणजे क्षण ओळखण्याची, आधींच अवगत आहे. तोल राखण्याची उरलेली अर्धी शिकण्यास मात्र आपणांस पुष्कळ पूल गमवावे लागले.