कुंभाराचं गाढव आणि कंबरेखालचा लुळेपणा

मंडळी, मी वैद्य नव्हे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग मज्जारज्जूच्या रोगनिदानाबद्दल ईटला येऊन मी कशाला बोलतोय, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. पण ‘कारण’ म्हणजे काय, हा प्रश्न मूळचा आमचा.

नैयायिक विचारतात, घड्याचं कारण कोण? माती, चाक, दांडा, कुंभार. आणि माती वाहून आणणारं गाढव? तेही घड्याच्या आधी हजर होतंच की! पण माती डोक्यावरून आणली तरी घडा होतो. म्हणून गाढव ‘अन्यथासिद्ध’. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘कारिकावली’त अशी पाच अन्यथासिद्धं सांगितली आहेत. कुंभाराचा बापही त्यात येतो, बरं का.

आता सागरकडे जाऊ. गोविंदपंत बुंदेल्यांमुळे हे नाव आपल्या ओळखीचं. 1818 नंतर तो मुलूख इंग्रजांकडे गेला. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन त्या भागात फिरला आणि 1844 च्या आपल्या पुस्तकात त्याने एका गावाची हकीकत लिहून ठेवली. 1829 ला गारपीट, 1830 ला पावसाने दगा दिला, 1831 ला गव्हावर रोग पडला. गव्हात उगवणारी लाख मात्र तरारली. आपल्याकडे ज्वारीच्या मुलखात ती फारशी दिसत नाही. पूर्व विदर्भात तिला लाखोळी म्हणतात. लोकांनी तिच्यावरच दिवस काढले. 1833 पासून तिशीच्या आतली माणसं कंबरेखाली लुळी पडू लागली. आजूबाजूच्या ज्या गावांनी लाख खाल्ली, तिथेही तेच. 1834 नंतर नवा रोगी नाही. पण एकदा पाय गेले तो कुणी बरा झालेला त्याला आढळला नाही. त्याच्या तंबूभोवती ही तरुण पोरं उपाय मागत जमली होती.

यंत्र नाही, तपासणी नाही; फक्त कोणी काय खाल्लं याची चौकशी. सुश्रुताने चालताना थरथरणाऱ्या, लंगडणाऱ्या रोग्याला ‘कलायखंज’ म्हटलं, आणि कलाय हे कडधान्यच! ते नेमकं कोणतं, यावर पंडितांचे वाद आहेत. लाखेतलं विष मात्र 1964 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी वेगळं काढून दाखवलं.

त्याआधीच, 1961 मध्ये, केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. म्हणजे दाणा हे कारण, आणि गरिबी हे गाढव! मला हे पटत नाही. अधूनमधून लाखेचं बेसन खाणारा लुळा पडत नाही. दोन-तीन महिने जेवणाचा मोठा भाग तीच असेल तर पाय जातात. रीवा भागात सालदाराला मजुरीच लाखेत मिळे, आणि मालक गहू खाई. तिथे मजुरी अन्यथासिद्ध कशी म्हणायची?

आता दुसरी बाजू बघा. नलगोंडा. 1948 पर्यंत आपण आणि ते एकाच निजामी राज्यात. तिथल्या फ्लोराइडच्या पाण्याने हाडं इतकी जाड होत की मणक्यांतली वाट अरुंद होऊन मज्जारज्जू आवळला जाई. 1955 मध्ये यावर सविस्तर लेख आला. पायांचा ताठरपणा वरवर सारखाच. पण लाखेच्या रोग्याची स्पर्शाची जाणीव बहुधा शाबूत असते. इथे पाठ-मान ताठ, पायांना मुंग्या, बधिरपणा. पाणी साफ करायला तुरटी आणि चुन्याची रीत नागपूरच्या ‘नीरी’ने बसवली, तिला नावच ‘नलगोंडा तंत्र’.

आणि पाठीला कुबड, दुखणं, बारीक ताप असेल तर क्षयाची शंका आधी. 1779 मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉटने हे कुबड आणि लुळेपणा यांचा संबंध लिहिला. ब-12 जीवनसत्त्व कमी पडलं तरी पाय लटपटतात, अंधारात तोल जातो. ते इंजेक्शनने सुधारतं, वेळेत दिलं तर.

म्हणूनच आजचा डॉक्टर आधी एमआरआय सांगतो. मज्जारज्जूवर दाब असेल तर तो लगेच काढायचा असतो. पाय अचानक लुळे पडले, लघवी अडली, तर उद्यावर टाकायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. दाब नाही असं दिसलं की मग स्लीमनचीच चौकशी सुरू होते: घरात काय शिजतं, पाणी विहिरीचं की बोअरचं, आणि गावात असं आणखी कुणाला झालंय का?