पंत, अदिती

पंत, अदिती : (जन्म ५ जुलै १९४३, नागपूर). भारतीय सागरवैज्ञानिक. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाच्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक होत. दुसऱ्या, यादवपूर विद्यापीठाच्या भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता. दोघी एकाच मोहिमेत होत्या, तेव्हा अग्रमानाचा वाद घालण्यात काही स्वारस्य नाही.

अदितीबाईंचे घराणे औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींचे. पितामह भवानराव हे चित्रकार, सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते आणि १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने संस्थानचा कारभार आपण होऊन रयतेच्या हाती देणारे राजे. पिता आप्पासाहेब हे नैरोबी, गंगटोक, जाकार्ता, कैरो, लंडन, रोम अशा ठिकाणी भारत सरकारची वकिली केलेले मुत्सद्दी. मातोश्री नलिनीदेवी डॉक्टर. सोलापूरच्या वाचकास हे घराणे परके वाटण्याचे कारण नाही, कारण संस्थानचा आटपाडी तालुका सांगोल्याच्या सरहद्दीस भिडलेला होता आणि खुल्या तुरुंगाचा जो प्रयोग पुढे नावाजला गेला, तो याच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे झाला. पर्जन्याची वाट पाहण्यात ज्या माणदेशी मुलखाचे आयुष्य जाते, त्याच्याशी नाते सांगणाऱ्या घरातील कन्येने समुद्र हा आपला विषय करावा, यात कोणास दैवाचा विनोद दिसेल. कारण मात्र साधे होते. पुण्यात बी.एस्सी.चे शिक्षण चालू असता ॲलिस्टर हार्डी यांचा 'द ओपन सी' हा ग्रंथ त्यांच्या हाती पडला. हार्डी हे १९२५ ते १९२७ या काळात 'डिस्कव्हरी' जहाजावरून दक्षिण महासागरात हिंडलेले प्राणिशास्त्रज्ञ. म्हणजे ज्या दिशेस अदितीबाई पुढे जाणार होत्या, तिकडे त्या पुस्तकाचा लेखक आधीच जाऊन आलेला होता.

हवाई विद्यापीठात एम.एस. करताना त्यांनी जो प्रश्न हाती घेतला, तो त्यांच्या सागरी संशोधनाचा कणा होय. समुद्राच्या वरच्या थरात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतिप्लवकांवर सूर्यप्रकाशाचा परिणाम कसा होतो, हा तो प्रश्न. शेतकऱ्याच्या अनुभवास पटणारी समजूत अशी की, जितके ऊन अधिक तितके पीक जोमदार. परंतु उष्ण कटिबंधातील समुद्रात भर दुपारी अगदी पृष्ठालगतच्या प्लवकांचे प्रकाशसंश्लेषण तीव्र उन्हाने उलट मंदावते, आणि त्याची परमावधी काही मीटर खाली आढळते. हे ठरविण्याची रीत दिसावयास साधी, पण चिकाटीची कसोटी पाहणारी आहे : निरनिराळ्या खोलींवरून बाटल्यांनी पाणी उपसावयाचे, त्यात किरणोत्सर्गी कार्बनाचा अल्पांश मिसळून ते ठरावीक काळ उजेडात व काळोखात ठेवावयाचे, मग बारीक छिद्रांच्या गाळणकागदावर गाळून, कागदावर उरलेल्या हिरवट पुटात किती कार्बन शोषला गेला याची मोजदाद करावयाची, आणि हे सारे बहुधा हेलकावणाऱ्या जहाजावर. त्यानंतर लंडन विद्यापीठाच्या वेस्टफील्ड कॉलेजात सागरी शैवलांच्या शरीरक्रियाविज्ञानावर प्रबंध लिहून त्यांनी पीएच.डी. संपादन केली आणि त्या स्वदेशी परतल्या. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्यावर पश्चिम किनाऱ्यावरील जलांचा अभ्यास त्यांच्याकडे आला.

दरम्यान दिल्लीदरबारी वेगळी तजवीज चालली होती. जुलै १९८१ मध्ये महासागर विकास खाते स्थापन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली अंटार्क्टिका मोहीम मार्मागोव्याहून रवाना झाली. अंटार्क्टिक करारात नुसती सही करून भागत नाही. त्या खंडावर भरीव संशोधन चालू असल्याचे दाखविल्यावाचून सल्लामसलतीत मताचा अधिकार मिळत नाही. भारताने ऑगस्ट १९८३ मध्ये करार पत्करला आणि सप्टेंबरात तो अधिकारही मिळविला. डिसेंबर १९८३ मध्ये 'फिनपोलारिस' या जहाजातून हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या तिसऱ्या मोहिमेवर 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले कायम ठाणे उभारण्याची कामगिरी होती. त्याच मोहिमेत या दोघींची नेमणूक झाली. यास विलंब म्हणावे, तर इतरांचे दप्तरही तपासावे लागेल : अमेरिकेच्या स्त्रिया दक्षिण ध्रुवावर पोहोचल्या त्या १९६९ मध्ये, आणि ध्रुवीय संशोधनाची एवढी दीर्घ परंपरा मिरविणाऱ्या ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाने जॅनेट थॉमसन या भूवैज्ञानिक बाईंना अंटार्क्टिकात कामास पाठविले तेही १९८३ मध्येच. लष्करी शिस्तीच्या आणि पुरुषांच्या म्हणून मानल्या गेलेल्या या क्षेत्रात आमच्या खात्याने दाखविलेली तत्परता त्या मानाने उजवी ठरते.

सुदीप्ताबाईंचे काम शिरमाखर टेकड्यांच्या खडकांत, तर अदितीबाईंचे पाण्यात. तेथील उन्हाळ्यात सूर्य आठवड्यानुआठवडे मावळत नाही, पण तो आकाशात फारसा वर चढत नाही आणि त्याच्या तिरप्या प्रकाशाचा मोठा वाटा हिम परत फेकते. म्हणून हवाईतील प्रखर उन्हाचा प्रश्न येथे उलटा होऊन समोर येतो. या अल्प ऋतूत जे प्लवक वाढते, त्यावर क्रिल नावाचा झिंग्यासारखा जीव पोसतो, आणि क्रिलवर देवमासे, सील व पेंग्विन. तेव्हा अन्नसाखळीच्या तळाशी किती कार्बन बांधला जातो, हे मोजणे म्हणजे त्या सबंध प्राणिसृष्टीच्या शिधासामग्रीचा हिशेब मांडणे होय. १९८५-८६ मधील पाचव्या मोहिमेतही त्या पुन्हा गेल्या. वृत्तपत्रांनी त्यांची ओळख 'पहिली स्त्री' या बिरुदापुरतीच करून दिली, आणि चरित्रकोशांतही प्लवकांना फारशी जागा मिळालेली नाही. ही उणीव भरून निघावयास हवी.

पुढे त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जाऊन अन्नसाखळीशी निगडित अशा क्षारसहिष्णू सूक्ष्मजीवांच्या वितंचकांवर संशोधन केले. सुदीप्ता सेनगुप्ता, जया नैथानी व कंवल विल्कू यांच्यासमवेत भारत सरकारने त्यांना अंटार्क्टिका पुरस्कार दिला. ज्या 'दक्षिण गंगोत्री'च्या उभारणीच्या वेळी त्या तेथे होत्या, ते ठाणे काही वर्षांतच बर्फाखाली गाडले जाऊ लागले व १९९० च्या सुमारास निकामी ठरून सोडून देण्यात आले. त्याची जागा 'मैत्री'ने घेतली.