खाशाबांचा डाव : माती आणि गादी

कुस्ती ही बळाची विद्या की घडणीची, हा वाद कोल्हापूरच्या तालमींत फार जुना आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, जोर-बैठका, दूध-बदाम आणि निसर्गाने दिलेले थोराड अंग यांची बेरीज झाली म्हणजे पैलवान तयार झाला. डाव त्याच्या हाती मागाहून आपोआप येतात. दुसरा पक्ष म्हणतो की, पोराचे पाऊल कोठे पडते, कंबर किती खाली जाते आणि मान कोणीकडे वळते, हे कोवळ्या वयातच नीट बसले नाही, तर पुढे अंगात हत्तीचे बळ येऊनही ते वाया जाते. असले वाद नुसत्या तर्काने मिटत नाहीत. त्यांस एखाद्या माणसाच्या चरित्राची कसोटी लावावी लागते. आणि या वादापुरते तरी खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या चरित्राइतके सोयीचे चरित्र दुसरे सापडणे कठीण आहे. अंगाने लहान, डावाने मोठा, मातीत घडलेला आणि गादीवर पारखला गेलेला असा हा मल्ल होता.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान. तेव्हा मुलाच्या पायाला अक्षरांच्या आधी आखाड्याची माती लागली यात नवल नाही. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातील शिक्षण आटोपून खाशाबा कोल्हापुरास राजाराम कॉलेजात आले. तेथे बाबुराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली त्यांची मेहनत चालू झाली.

ज्या कोल्हापुरात ते आले, त्याची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यावाचून पुढील हकीकत समजावयाची नाही. 1894 साली गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी या नगरीस मल्लविद्येचे माहेरघर केले. महाराज स्वतः कुस्तीतले जाणकार, आणि अंगानेही धिप्पाड होते. 1902 साली विलायतेच्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने प्रेक्षागार पाहिले आणि त्याच कल्पनेवरून पुढे खासबागेचे मैदान उभारले. ते 1912 साली खुले झाले. मध्यभागी लाल मातीचा हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना आहे. कोठेही बसले तरी कुस्ती डोळ्यांआड होत नाही. उत्तरेकडील नामांकित मल्लांस महाराजांनी आश्रय दिला, पेठापेठांतून तालमी नांदू लागल्या, आणि पोरासोरांनाही डावांची नावे रस्त्याच्या नावांइतकी पाठ झाली. अशा गावात डावाची पारख करणारे डोळे पुष्कळ असतात. तथापि मोठ्या अंगाचा मोहही अशाच गावात अधिक असतो.

या मोहाचा अनुभव खाशाबांस लवकरच आला. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यावयास ते गेले असता, अंगलट किरकोळ म्हणून व्यायामशिक्षकाने त्यांस परत पाठविले, अशी हकीकत सांगतात. खाशाबा सरळ प्राचार्य खर्डीकर यांच्याकडे गेले, त्यांची परवानगी घेऊन आखाड्यात उतरले, आणि आपल्याहून भरदार गड्यांस त्यांनी आस्मान दाखविले. त्या शिक्षकास दोष देण्यात अर्थ नाही. उभ्या माणसाकडे पाहून त्याची छाती मोजता येते, दंड मोजता येतात. त्याच्या अंगातला डाव मात्र तो झुंजू लागेपर्यंत दिसत नाही. तरुण खेळाडूंची निवड करणारे जगभर ज्या चुका करतात, त्यांपैकी बऱ्याचशा या एका गोष्टीतून उद्भवतात.

खाशाबांचा हातखंडा डाव म्हणजे ढाक. ज्यांनी तो मैदानात पाहिला असेल त्यांस तो क्षणार्धाचा चमत्कार वाटला असेल. परंतु त्याची फोड केली म्हणजे त्यात चमत्कार उरत नाही, उरते ते तरफेचे शास्त्र. प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात बगलेत आवळावयाचा, स्वतः गर्रकन वळून आपली कंबर त्याच्या कंबरेखाली घालावयाची, आणि त्याचा भार आपल्या कंबरेवर घेऊन त्यास पाठीवर आणावयाचे. यांत कस लागतो तो दंडाचा नव्हे, वळण्याचा. कंबर चार बोटे वर राहिली, तर समोरच्याचा गुरुत्वमध्य आपल्या टेकूच्या खालीच राहतो, आणि मग त्यास उचलावयास खरोखरच हत्तीचे बळ लागते. तीच कंबर खाली गेली की समोरच्याचे वजन त्याच्याच विरुद्ध काम करू लागते. येथे बुटका गडी उंच गड्यापेक्षा सुखी असतो, कारण त्याची कंबर मुळातच खाली असते. दुर्बळ म्हणून ज्या अंगाकडे बोट दाखविले गेले, तेच अंग ढाकेला सोयीचे होते.

डावाचे असे पृथक्करण करण्याची बुद्धी केवळ आपल्याच देशात झाली असे नाही. 1882 साली टोकियोस जुदोची शाळा काढणारे जिगोरो कानो यांनी प्रत्येक फेकीचे तीन भाग पाडले होते : प्रथम समोरच्याचा तोल मोडणे, मग आपले अंग योग्य जागी नेणे, आणि शेवटी फेक करणे. आपले वस्ताद हे सूत्ररूपाने सांगत नाहीत. ते पोरास हजार वेळा तेच वळण घ्यावयास लावतात आणि पाऊल चुकले की पायावर छडी टेकवितात. पद्धती निराळ्या आहेत, परंतु दोहींचा रोख एकच. फेक ही शेवटची आणि सर्वांत सोपी गोष्ट आहे. तिच्या आधीचे सारे बसलेले असेल तर ती होते. नसेल तर होत नाही.

इथवरची हकीकत ऐकून घडणीचा पक्ष जिंकला असे कोणासही वाटेल. पण 1948 सालच्या लंडन ऑलिंपिकने या प्रश्नास एक निराळेच वळण दिले. कोल्हापूरच्या महाराजांच्या द्रव्यसाहाय्याने खाशाबा लंडनला गेले. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाचे मार्गदर्शन त्यांस लाभले. तेथे कुस्ती होती ती मातीवर नव्हे, गादीवर. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरविले. पुढे इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांस हार खावी लागली, आणि सर्वांत हलक्या वजनगटात ते सहावे आले. गादीची फारशी ओळख नसलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाने एवढे करावे हे कौतुकास्पद खरे. परंतु ज्या ढाकेने कोल्हापुरात भलेभले लोळविले, तिला लंडनमध्ये आडकाठी कोणती आली, हे पाहिले पाहिजे.

हौद्याची माती मऊ असते. तीत ताक, तेल, लिंबू, हळद कालवून ती राखलेली असते. तिच्यात अनवाणी पाऊल किंचित रुतते आणि रुतलेले पाऊल टेकूचे काम करते. गादीवर पायात बूट असतात. पाऊल रुतत नाही, ते झटकन सरकवावे लागते आणि तितक्याच झटकन रोवावे लागते. मातीतल्या कुस्तीत जांघ्याला हात घालता येतो, आणि कित्येक डावांची मूठच तेथे असते. गादीवर प्रतिस्पर्ध्याच्या कपड्यास धरणे निषिद्ध. मातीत निकाल एकच, पाठ लागली की गडी पडला. तोवर खडाखडी घटकाभर चालो की दोन तास. गादीवर घड्याळ चालू असते, पंच बसलेले असतात, आणि कोणीही चीत झाला नाही तरी कोणाचा वरचष्मा होता यावरून ते निकाल देतात. म्हणजे संधीची वाट पाहत खाशाबांनी घालविलेला वेळ कोल्हापुरात धीर म्हणून वाखाणला गेला असता, आणि लंडनात तोच वेळ त्यांच्या विरुद्ध धरला जाणे शक्य होते. डाव तोच होता, माणूस तोच होता. पायाखालची जमीन आणि निकालाची रीत बदलली होती.

हा अनुभव खाशाबांच्या आधी त्याहून मोठ्या मल्लास आला होता. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची कुस्ती झाली. गामाची झडप पाहून झ्बिस्कोने गादीवर पालथे पडून राहण्याचा मार्ग पत्करला, आणि अडीच तासांहून अधिक वेळ तो जवळजवळ तसाच राहिला. जो उभाच राहत नाही त्याला फेकणार कसा? कुस्ती बरोबरीत सोडविण्यात आली. फेरकुस्तीच्या दिवशी झ्बिस्को आलाच नाही. पुढे 1928 च्या जानेवारीत पतियाळा येथे हेच दोघे पुन्हा भिडले, या खेपेस मातीच्या आखाड्यात, आणि गामाने एका मिनिटाच्या आत त्यास चीत केले. अठरा वर्षांत गामा काही तरुण झाला नव्हता. मातीने त्याच्या डावाला जो टेकू दिला, तो लंडनच्या गादीने दिला नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही. झ्बिस्कोचे वयही वाढले होते, हे अर्थात विसरता कामा नये.

खाशाबांचे वैशिष्ट्य असे की त्यांस अठरा वर्षे थांबावे लागले नाही. त्यांनी चार वर्षांत स्वतःचा डाव नव्या जमिनीवर पुन्हा बसविला. त्या काळी आपल्याकडे गादी सहजासहजी मिळण्याजोगी नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या खटाटोपाची किंमत कळते. यास आधार होता तो लहानपणच्या घडणीचाच. ज्याला कंबर कोठे न्यावयाची हे ठाऊक आहे, त्याला पाऊल किती लवकर न्यावयाचे एवढेच शिकावयाचे उरते. ज्याला केवळ दंडाने ओढावयाची सवय आहे, त्याला सारेच नव्याने शिकावे लागते, आणि विशी ओलांडल्यावर ते बहुधा साधत नाही. तेव्हा घडणीचा पक्ष खरा, पण तो जितका समजतो तितका सरळ नव्हे. घडण ही एका विशिष्ट मातीसाठी झालेली असते. तिची किंमत माती बदलल्यावरच कळते.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वाटही निर्वेध नव्हती. भारतीय चमूच्या निवडीत खाशाबांस प्रथम वगळण्यात आले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावण्यात आली, आणि ती जिंकून त्यांनी आपली जागा मिळविली. मग प्रवासखर्चाचा प्रश्न आला. ज्या खर्डीकरांनी एकदा कॉलेजच्या आखाड्याचे दार उघडले होते, त्यांनीच आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. अनेकांनी यथाशक्ती वर्गणी दिली. एका गुणवान तरुणाच्या यशात डावाचा वाटा किती आणि अशा माणसांचा किती, याचा हिशेब मांडणे अवघड आहे. परंतु सात हजारांवाचून ढाक गोळेश्वरीच राहिली असती.

हेलसिंकीत खाशाबा एक गट वर, म्हणजे 57 किलोच्या गटात उतरले. कॅनडाचा पोलिक्वॅं, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ हे तिघे त्यांच्यापुढे टिकले नाहीत. पुढे गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशीशी. हा इशी मूळचा जुदोचा विद्यार्थी. महायुद्धानंतर जपानात जुदोवर बंदी आल्यामुळे तो कुस्तीकडे वळला होता. कानोंच्या शाळेची फेक आणि कोल्हापूरच्या हौद्यातली फेक अशा रीतीने तिसऱ्याच देशात, दोघींनाही परक्या अशा गादीवर, समोरासमोर आल्या. दोघेही आपापली जन्मजमीन सोडून आलेले, दोघांनीही आपली विद्या नव्या रीतीत बसविलेली. कुस्ती अटीतटीची झाली, आणि पंचांनी कौल इशीच्या बाजूने दिला. त्याच इशीने पुढे सुवर्णपदक जिंकले. त्या ऑलिंपिकमधील जपानचे ते एकमेव सुवर्णपदक होय.

इशीशी झुंजून दमलेल्या खाशाबांस लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढावयास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती, पण ती मागण्यासाठी आखाड्यापाशी भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता, असे कोल्हापुरात आजही खंताने सांगितले जाते. थकलेल्या पायांनी ढाक बसत नाही. वळण अर्धवट राहते, कंबर वर राहते, आणि मग उत्तम घडणही कामास येत नाही. ती कुस्ती खाशाबा हरले. मामेदबेकोव्हला रौप्य मिळाले, आणि 23 जुलै 1952 रोजी कांस्यपदक खाशाबांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशास 1996 पर्यंत, आणि कुस्तीतल्या दुसऱ्या पदकासाठी 2008 पर्यंत थांबावे लागले.

एवढे होऊनही कोल्हापूरच्या तालमींनी गादी लगेच जवळ केली नाही. तीस कारणही होते. जत्रांची मैदाने मातीची, इनामे मातीवरची, आणि टाळ्याही मातीवरच्याच. ज्या पोराचे पोट गावोगावच्या मैदानांवर चालावयाचे, त्याने आपला डाव परक्या जमिनीसाठी का घडवावा, हा प्रश्न वस्तादांनी विचारला तर त्यांस उत्तर देणे सोपे नव्हते. पुढे राज्याच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग झाले आणि मल्लांस दोन्ही रीतींचा सराव ठेवणे भाग पडले. परंतु मधली कित्येक वर्षे निघून गेली होती.

खाशाबा हेलसिंकीहून परतले तेव्हा कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तरच मिळाला. मिरवणुकीचा गुलाल उतरताच मात्र त्यांनी प्रथम एक काम हाती घेतले होते. कुस्त्यांची मैदाने भरवून ते स्वतः पुन्हा लाल मातीत उतरले, आणि त्या कुस्त्यांच्या उत्पन्नातून त्यांनी खर्डीकरांचे गहाण पडलेले घर सोडविले.