सात-बाऱ्यावर नसलेली वाडी

कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भग्न मूर्तीशेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढेच ती सांगते. छिन्नी चालवणाऱ्याचे नाव दगडावर टिकले. उल्हास नदीच्या याच खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कातकऱ्यांच्या घराखालच्या जमिनीवर मात्र त्यांचे नाव अनेक वाड्यांत आजही नाही.

कातकरी म्हणजे काथ करणारे, काथोडी. खैराचे झाड तोडायचे, आतल्या लाल गाभ्याच्या चिपा काढायच्या, त्या मडक्यांत उकळायच्या, रस आटवून दाट करायचा आणि त्याच्या वड्या वाळवायच्या. विड्यातला काथ तो हाच. काथ देऊन धान्य आणि कापड घ्यायचे, असा व्यवहार होता. 1878 चा वन कायदा आला, जंगल राखीव झाले आणि खैरावर कुऱ्हाड घालणे हा गुन्हा ठरला. मग कातकरी कोळशाच्या भट्टीवर गेला आणि पुढे वीटभट्टीवर.

त्याच्याविषयी लिहिणारे मात्र कमी नव्हते. जॉन विल्सन या मिशनऱ्याने 1843 मध्ये वारली आणि काथोडी यांच्यावर लेख लिहिला. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आणि 1882 च्या ठाणे गॅझेटिअरने कातकऱ्यांवर चोरीचा शिक्का मारला. ज्यांचे जंगल सरकारने नुकतेच बंद केले होते, त्यांनाच चोर म्हटले गेले. 1901 च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांना तर नाकाची लांबी-रुंदी मोजून माणसाचा वंश ठरवता येतो असे वाटत होते. ही मापे घेणाऱ्यांनी भट्टीवरच्या मजुराची उचल किती आणि ती कधी फिटणार, हे विचारले नाही.

वेगळे प्रश्न विचारायला वेळ लागला. 1928 मध्ये मुंबई सरकारने दलित आणि आदिवासींच्या स्थितीच्या पाहणीसाठी नेमलेल्या स्टार्ट समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्कर बाप्पा दोघेही होते. तिचा अहवाल 1930 मध्ये आला. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि मारल्या गेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. अ. ना. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरचा समाजशास्त्रीय ग्रंथ 1934 चा. 1938 मध्ये सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींकडून घेतल्या जाणाऱ्या वेठीचे वर्णन सरकारपुढे मांडले. तरी वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा व्हायला 1976 उजाडावे लागले, आणि कायदा झाल्यावरही तो वसई-ठाण्याच्या पाड्यांपर्यंत न्यायला श्रमजीवी संघटनेला मैदानात उतरावे लागले. संघटनेच्या विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना 1999 मध्ये लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला, तो या कामासाठी.

कर्जत तालुक्यात कशेळ्याच्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने सुरुवात केली ती पोटापासून. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, सावकाराकडून भात उचलावे लागते आणि सुगीला ते दिढीने परत करावे लागते. त्यावर उपाय म्हणून वाडीवाडीत धान्य बँका उभ्या राहिल्या. गावच्याच कोठीतून भात घ्यायचे आणि कमी वाढीने तिथेच भरायचे. पुढे याच संस्थेचे राजीव खेडकर आणि कॅनडाचे संशोधक डॅनियल बकल्स यांनी वाड्यांच्या जागेचा प्रश्न हाती घेतला. मुंबई-पुण्याच्या पैशाने कर्जत-खालापुरात फार्महाऊससाठी जमिनी विकल्या जात होत्या. सात-बारा मालकाच्या नावावर, वाडी कातकऱ्यांची. जमीन विकली की नवा मालक कुंपण घालतो आणि पाण्याची, सरपणाची, कधी मसणवट्याचीही वाट तुटते. या संशोधनात कातकरी स्वतः माहिती गोळा करणारे होते: वाडी किती जुनी, घरे किती, जमीन कुणाच्या नावावर, धमकी कुणाची. 2013 मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक झाले. नाक मोजणाऱ्यांच्या पाहणीपेक्षा ही पाहणी कितीतरी मोलाची आहे, कारण तिच्यातला आकडा वाडीतल्याच माणसाला कचेरीत टेबलावर ठेवता येतो.

पत्रकारितेतही हा बदल दिसू लागला. वाडा तालुक्यातल्या निंबवलीच्या ममता परेड ग्रामीण भारतावरच्या ‘परी’ या संकेतस्थळासाठी आपल्याच मुलखातल्या आदिवासींवर लिहीत होत्या. 2022 मध्ये, ऐन तरुण वयात त्या गेल्या. पाड्यावरची बातमी पाड्याजवळच्या मुलीने लिहावी, हे त्यांनी करून दाखवले होते, आणि म्हणून त्यांचे जाणे फार लागते.

वाडीला गावठाण म्हणून मान्यता द्यायचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 122 नुसार जिल्हाधिकाऱ्याला आहे. त्यासाठी ठराव हवा, नकाशा हवा, मोजणी हवी, आणि या सगळ्याला घरातली माणसे जागेवर हवीत. पण दिवाळी झाली की उचल घेतलेली कुटुंबे पोराबाळांसह, कोंबड्या टोपलीत घालून भट्टीवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तोवर वाडीत म्हातारी माणसे आणि बंद दारे. म्हणून जे काही मोजायचे, ते भात कापून झाल्यावर आणि मुकादमाचा टेम्पो यायच्या आत मोजावे लागते.