सॉसेजचे विष आणि कपाळावरची आठी

कपाळावरची आठी घालवणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनची गोष्ट सुरू होते ती दोनशे वर्षांपूर्वी, जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गमध्ये, आणि तीही स्वयंपाकघरात.

तिथे बिघडलेली सॉसेज खाऊन माणसे दगावत. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरांनी (गृहस्थ कवीही होते) १८२० च्या सुमारास या रोग्यांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. पापण्या खाली पडतात, एकाची दोन दिसतात, तोंडाला कोरड पडते, घास गिळवत नाही, अखेर श्वास थांबतो. शुद्ध मात्र शाबूत असते. केर्नर यांनी हे विष स्वतः चाखूनही पाहिले! १८२२ साली त्यांनी लिहिले, की अगदी अल्प मात्रेत हेच विष औषध ठरेल.

ते खरे ठरायला दीडशे वर्षे लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर ते वापरले. अमेरिकेने १९८९ मध्ये मान्यता दिली. कॅनडात व्हँकूवरला नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांच्या आकडीवर हे इंजेक्शन देत. १९८७ मध्ये एका रुग्णबाईंच्या बोलण्यातून त्यांच्या लक्षात आले, की भुवयांमधली आठीही जाते. त्यांचे पती त्वचारोगतज्ज्ञ, मग काय! सौंदर्यासाठीची अमेरिकन मान्यता २००२ सालची.

हे विष मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. स्नायू तीन-चार महिने सैल राहतो. म्हणूनच डॉक्टर सांगतात, की सुई टोचलेली जागा चोळू नका, तीन-चार तास आडवे होऊ नका, त्या दिवशी जड व्यायाम नको. औषध शेजारच्या स्नायूत उतरू नये, एवढाच हेतू. डोकेदुखी किंवा काळानिळा डाग चार-आठ दिवसांत जातो. पण औषध सरकले तर पापणी पडते आणि काही आठवडे तशीच राहते. उतारा नाही, वाट पाहायची. हे केर्नर यांच्याच यादीतले लक्षण!

ती यादी २००४ मध्ये फ्लोरिडात जवळजवळ पूर्णच उतरली. प्रयोगशाळेसाठीचे, मान्यता नसलेले विष टोचल्याने चौघांना लकव्यासारख्या अवस्थेत रुग्णालयात न्यावे लागले. २००९ पासून अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापतात: परिणाम शरीरात इतरत्र पसरू शकतो, काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही. गिळताना, बोलताना वा श्वास घेताना त्रास झाला, तर पार्लरला फोन करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.